इंटरव्ह्यूत कोडं घातलं तर काय करायचं? सोलापुरातून निघणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी

दर वर्षी शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की आमच्या गल्लीतली दोन-चार मुलं-मुली संध्याकाळी घरी येतात. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, शनिवार-रविवारी सोलापूरला येतो आणि गेली काही वर्षं आमच्या टीमसाठी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो, म्हणून हा राबता. मुलांचा अभ्यास चांगला असतो. सी, जावा, डेटाबेस, सगळं डोळ्यांखालून गेलेलं असतं. तरी टेक्निकल राउंड देऊन आलेल्यांपैकी बरेच जण एकच सांगतात, "दादा, प्रश्न असा टाकला की डोकंच चालेना. गप्पच बसलो."

हे गप्प बसणं मला चांगलं माहीत आहे. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत विचारलं होतं: दोन दोऱ्या आहेत, प्रत्येक दोरी जळून संपायला बरोबर एक तास लागतो, पण जळण्याचा वेग सगळीकडे सारखा नाही. यावरून ४५ मिनिटं मोजून दाखवा. दोरी दोन्ही टोकांनी पेटवली तर अर्ध्या तासात संपेल, एवढं मला पहिल्याच मिनिटात सुचलं होतं. पण पूर्ण उत्तर हाती नव्हतं म्हणून मी तोंड उघडलं नाही. शाळेपासून सवयच तशी लागलेली, उत्तर येत असेल तरच हात वर करायचा. चार-पाच मिनिटं तशीच गेली आणि समोरच्यांनी माझी फाइल मिटली. संध्याकाळी परतताना कुर्डुवाडी यायच्या आत उरलेलं सुचलं. पहिली दोरी दोन्हीकडून आणि दुसरी एकीकडून एकाच वेळी पेटवायची. पहिली संपली की अर्धा तास झाला. त्याच क्षणी दुसरीचं दुसरं टोक पेटवायचं, राहिलेली दोरी पंधरा मिनिटांत संपते.

अर्धं उत्तर माझ्याजवळ होतं आणि ते समोरच्यांना कळलंच नाही. आता टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर मी स्वतः त्या अर्ध्या उत्तराची वाट बघत असतो. ते कसं बाहेर काढायचं, तेवढंच इथं क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: प्रश्नाची जात ओळखा

इंटरव्ह्यूतले अवघड वाटणारे प्रश्न साधारण चार जातींचे असतात. कोडं असतं, म्हणजे दोऱ्या, तराजू, घोडे, पूल ओलांडणारी माणसं. अंदाजाचा प्रश्न असतो, अमुक वस्तू तमुक जागेत किती मावतील. कोड, म्हणजे प्रोग्रॅम, लिहायचा प्रश्न असतो. आणि चौथा फसवा प्रश्न, दिसायला सोपा, पण आत एक खड्डा.

कोड्यांची धास्ती थोडी कमी करा. एके काळी मायक्रोसॉफ्ट आणि गूगलमुळे ही पद्धत फार गाजली. गटाराचं झाकण गोल का असतं, हा प्रश्न तिथूनच जगभर गेला. (गोल झाकण कसंही फिरवलं तरी त्याच तोंडातून आत पडत नाही, चौकोनी झाकण तिरकं धरलं की पडतं.) पण २०१३ साली गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या मुलाखतीत स्पष्टच सांगितलं की अशी कोडी विचारणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं आहे, त्यावरून माणूस कामात कसा निघेल ते कळत नाही. त्यामुळं तयारीचा मोठा वाटा कोड आणि डेटाबेसला द्या. कोडी मात्र पूर्ण सोडू नका. फ्रेशर्सच्या राउंडला ती अजून येतात.

दुसरी पायरी: प्रश्न परत सांगा आणि अटी विचारा

प्रश्न ऐकला की लगेच उत्तराच्या मागं धावू नका. आपल्या शब्दांत तो परत सांगा: "म्हणजे दोरीचा वेग कमी-जास्त आहे, त्यामुळं अर्धी कापली तरी अर्धा तास होईलच असं नाही, बरोबर?" एवढ्या एका वाक्यात दोन गोष्टी होतात. तुम्हाला विचाराला अर्धा मिनिट मिळतो आणि समोरच्याला कळतं की अट तुमच्या लक्षात आलीय. दोरी कापायला निघालेली मुलं मी कितीतरी पाहिली आहेत.

हा प्रश्न आधी सोडवलेला असेल तर तसं सांगून टाका. पाठ उत्तर आत्ताच सुचल्यासारखं म्हणून दाखवलं की लगेच ओळखू येतं, आणि मग पुढचं काहीच खरं वाटत नाही.

तिसरी पायरी: बोलत बोलत सोडवा

हे कसं दिसतं ते एका संध्याकाळच्या प्रसंगावरून सांगतो. शेजारची एक मुलगी आली होती, पुढच्या आठवड्यात तिचा इंटरव्ह्यू. आईनं नुकत्याच शेंगा चटणीच्या पुड्या भरून ओट्यावर मांडल्या होत्या. त्यातल्या नऊ पुढ्यात ठेवल्या आणि म्हटलं, "यातली एक पुडी बाकीच्यांपेक्षा जड आहे. दोन पारड्यांचा तराजू आहे, वजनं नाहीत. कमीत कमी किती वेळा तोलून जड पुडी नक्की सापडेल?"

ती पुड्यांकडं बघत बसली. मी म्हटलं, "मनात नको, मोठ्यानं."

"चार एका पारड्यात, चार दुसऱ्यात, एक बाहेर ठेवते."

"मग?"

"सारखी झाली तर बाहेरची जड. नाही तर जड बाजूच्या चार घेते, दोन-दोन तोलते, मग एक-एक. तीनदा झालं की, दादा."

"तीनदा म्हणजे सुरुवात चांगली झाली. आता सांग, तराजू एका वेळी किती गोष्टी सांगू शकतो?"

"दोन. डावं खाली नाही तर उजवं खाली."

"बघ परत."

थोडा वेळ गेला. "आणि सारखं! तीन गोष्टी." हे म्हणता म्हणताच तिनं पुड्या तीन-तीनच्या केल्या. "तीन इकडं, तीन तिकडं, तीन बाहेर. ज्या तिघींत जड आहे त्या कळल्या. त्यातल्या दोन तोलायच्या. एक खाली गेली तर ती, नाही तर बाहेरची. दोनदाच!"

तिच्या पहिल्या, तीनदा तोलायच्या उत्तराकडं लक्ष द्या. ते सर्वांत चांगलं नव्हतं, पण ते मोठ्यानं म्हटलं म्हणूनच मला पुढचा धागा देता आला. ती गप्प बसली असती तर मी काय धरून मदत केली असती? चांगला इंटरव्ह्यू घेणारा नेमकं हेच करतो. तो देत असलेला इशारा धरा. "थांबा, मी सांगतो" म्हणून तो झटकू नका.

इथं उपप्रश्न हमखास येतो. पुड्या वाढल्या तर? प्रत्येक तोलण्याचे तीन निकाल, म्हणून तीनदा तोललं तर २७ पुड्यांतून एक जड पुडी सापडते. आणि वेगळी पुडी जड आहे की हलकी हेच माहीत नसेल तर? मग नऊ पुड्यांच्या १८ शक्यता होतात, दोनदा तोलून निकाल मिळतात फक्त नऊ. कुठली पुडी आणि जड की हलकी, दोन्ही सांगायचं असेल तर दोनदा तोलून भागणार नाही. तीनदा तोलून १२ पुड्यांपर्यंत ते जमतं. त्याची रीत पाठ नसली तरी चालेल. १८ आणि ९ ही मोजणी मांडून दाखवलीत तर मी तिथंच खूण करतो.

घोड्यांचं (२५ घोडे, एका शर्यतीत पाचच, सर्वांत वेगवान तीन शोधा), पुलाचं (१, २, ५ आणि १० मिनिटं लागणारी चौघं, एकच टॉर्च, एका वेळी दोघंच), शंभर मजल्यांवरून टाकायच्या दोन अंड्यांचं (कुठल्या मजल्यापासून फुटतं ते शोधा) कोडं एकेकदा स्वतः सोडवून ठेवा. उत्तरं अनुक्रमे सात शर्यती, १७ मिनिटं आणि १४ वेळा अशी आहेत. नुसते आकडे उपयोगाचे नाहीत, तिथपर्यंत पोचून बघा.

अंदाजाचा प्रश्न: इथं सोलापूर कामी येतं

परदेशी कंपन्या विचारायच्या की विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील. आपल्या मुलांनी गोल्फचा चेंडू हातात धरलेला नसतो, म्हणून ती बिचकतात. मी पूर्व भागातल्या एका मुलाला विचारलं, एका ट्रकमध्ये सोलापुरी चादरी किती मावतील? त्याचे वडील चादरीच्या कारखान्यात. तो लगेच बोलायला लागला, कारण भरलेला ट्रक त्यानं रोज पाहिलेला.

त्याची मांडणी अशी होती. ट्रकचा हौदा २० फूट लांब, आठ फूट रुंद, सात फूट उंच धरू. झाले ११२० घनफूट. घडी घातलेली चादर साधारण सव्वा फूट लांब, एक फूट रुंद आणि अडीच इंच जाड, म्हणजे पाव घनफुटाच्या आसपास. एका घनफुटात चार चादरी. एकूण साडेचार हजारांच्या जवळ. गठ्ठ्यांमध्ये फटी राहतात, दहा टक्के सोडून देऊ. राहिल्या चार हजार.

इथपर्यंत बरीच मुलं येतात. त्यानं पुढं स्वतःहून म्हटलं, "पण दादा, वजन बघायला पाहिजे. चादर दीड किलोची धरली तर चार हजार चादरी सहा टन होतात. ट्रकला तेवढं पासिंग नसेल तर जागा राहूनही माल भरता येणार नाही." ते ऐकून मला फार आनंद झाला. मापं त्यानं गृहीत धरलेली होती, थोडी इकडं-तिकडं असतीलही. अंदाजाच्या प्रश्नात आकडा चुकला तर चालतो. गृहीत काय धरलं ते सांगणं, पायऱ्या मांडणं आणि शेवटी दुसऱ्या बाजूनं पडताळा घेणं, हे तीन बघितलं जातं. हेच डोकं नंतर सर्व्हरवर एका दिवसात किती नोंदी येतील आणि डिस्क किती लागेल, हे काढताना लागतं. तिथंही कधी जागा आधी संपते, कधी दुसरंच काही.

सरावासाठी असे प्रश्न घरचेच घ्या. गड्ड्याच्या यात्रेत एका दिवसात पाळण्यात किती माणसं बसत असतील? सात रस्त्यावरून एका तासात किती रिक्षा जात असतील?

कोडचा प्रश्न: साधं उत्तर आधी

इथं मुलं जास्त अडकतात, म्हणून जरा सावकाश.

नेहमीचा प्रश्न: १ ते १०० मधले ९९ आकडे एका ॲरेमध्ये (ओळीनं ठेवलेल्या यादीत) आहेत, एक गायब आहे, तो शोधा. ॲरे क्रमानं लावलेला नाही.

पहिल्यांदा सर्वांत साधा मार्ग सांगा, तो हळू चालणारा असला तरी. "१ पासून १०० पर्यंत प्रत्येक आकडा ॲरेमध्ये शोधतो. चालेल, पण प्रत्येकासाठी अख्खा ॲरे फिरावा लागेल." इथं तुमच्या खात्यात काहीतरी जमा झालं. मग सुधारा. १ ते १०० ची बेरीज ५०५०. ॲरेची बेरीज काढा आणि ५०५० मधून वजा करा, उरेल तो गायब आकडा. एकाच फेरीत काम झालं.

आता समोरचा विचारेल, "शंभरऐवजी एक लाख आकडे असतील तर?" घाईनं "तेच चालेल" म्हणू नका. १ ते एक लाखची बेरीज होते ५०० कोटी ५० हजार. जावा-सीमध्ये नेहमीच्या ३२ बिटांच्या इंटिजरची मर्यादा सुमारे २१४ कोटी. बेरीज मावत नाही. जावात लाँग, सीमध्ये लाँग लाँग (मोठा इंटिजर) घ्या, नाही तर बेरजेऐवजी एक्सऑर (आकड्यांची बिटाबिटानं तुलना, सारखे दोन आले की शून्य) वापरा. १ ते एक लाखचे सगळे आकडे आणि ॲरेमधले सगळे आकडे एकत्र एक्सऑर केले की जोडीचे कटतात आणि एकटा उरतो. त्यात आकडा फुगत नाही.

मर्यादेचा हा खड्डा नवख्यांसाठीच असतो असं समजू नका. बायनरी सर्चमध्ये (क्रमानं लावलेल्या यादीत दर वेळी निम्मा भाग सोडत शोधणं) मधली जागा काढताना लो आणि हाय, म्हणजे उरलेल्या भागाची पहिली आणि शेवटची जागा, यांची बेरीज करून दोननं भागतात. ॲरे फार मोठा असेल तर ती बेरीजच मर्यादेबाहेर जाते. ही चूक जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत कित्येक वर्षं होती आणि तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये त्यावर लिहिलं. सुरक्षित रीत म्हणजे हाय वजा लो, त्याचं निम्मं, ते लोमध्ये मिळवायचं. हे कारणासकट सांगितलंत तर समोरचा मान वर करून बघेल.

कोड लिहून झाल्यावर "झालं" म्हणून थांबू नका. एक छोटं उदाहरण घेऊन ओळीनं चालवून दाखवा. मग रिकामा ॲरे, एकच आकडा, गायब आकडा अगदी पहिला किंवा अगदी शेवटचा, असे तीन-चार कोपरे स्वतःच तपासा. आपल्या कोडमधली चूक आपणच पकडणारी मुलं मी सहसा पुढच्या राउंडला पाठवतो.

डेटाबेसचा एक प्रश्न, नीट बघून

"दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा." हा इतक्या वेळा येतो की सगळे पाठ करून येतात: पगार उतरत्या क्रमानं लावा, पहिली ओळ सोडा, पुढची एक घ्या. मी कागदावर तीन पगार लिहितो: ९० हजार, ९० हजार, ७० हजार. आता तुमची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) काय देईल? दुसरी ओळ, म्हणजे परत ९० हजारच. तुम्हाला हवे होते ७० हजार.

म्हणून आधी विचारा, "सारखे पगार असतील तर दुसरा कुठला धरायचा?" मग डिस्टिंक्ट (सारखे पगार एकदाच धरणारं) लावा, किंवा सर्वांत मोठ्या पगारापेक्षा लहान असलेल्यांतला मोठा काढा, किंवा डेन्स रँक वापरा. रँक आणि डेन्स रँक यांतला फरक याच तीन पगारांवर सांगता येतो. रँक ७० हजारला तिसरा नंबर देतो, डेन्स रँक दुसरा. रो नंबर तर दोन ९० हजारांनाही वेगवेगळे नंबर देतो.

नलचा, म्हणजे रिकाम्या नोंदीचा, खड्डाही लक्षात ठेवा. नॉट इनच्या ("या यादीत नसलेले द्या") आतल्या यादीत एक जरी नल आला तरी क्वेरी एकही ओळ देत नाही. लेफ्ट जॉइन आणि इनर जॉइन, व्हेअर आणि हॅविंग, डिलीट आणि ट्रंकेट हे तुम्ही वाचलेलंच असतं. ते व्याख्येनं सांगू नका, चार ओळींचं टेबल काढून सांगा.

फसवे प्रश्न

तिसरं व्हेरिएबल न वापरता दोन आकड्यांची अदलाबदल करा, म्हटलं की मुलं एक्सऑरची रीत झटकन लिहितात. खड्डा असा आहे की दोन्ही नावं एकाच जागेकडं बोट दाखवत असतील तर तिथं शून्य होतं. जावात दोन स्ट्रिंग दोन बरोबरच्या खुणांनी तपासल्या तर मजकूर तपासला जात नाही, दोन्ही एकच वस्तू आहेत का तेवढंच बघितलं जातं. मजकुरासाठी इक्वल्स. ०.१ आणि ०.२ मिळवले तर बहुतेक भाषांत तंतोतंत ०.३ येत नाही, कारण हे अपूर्णांक बायनरीत पूर्ण बसत नाहीत. म्हणून पैशाचा हिशेब फ्लोटमध्ये (अपूर्णांक असे बायनरीत ठेवणाऱ्या प्रकारात) ठेवत नाहीत.

एका प्रश्नाबद्दल मला मनापासून सांगायचंय. सीमध्ये एकाच विधानात एकच व्हेरिएबल दोनदा वाढवायचं आणि "आउटपुट काय" असं विचारायचं, हा प्रकार आपल्याकडच्या प्रश्नसंचांत फार दिसतो, खाली एक उत्तरही छापलेलं असतं. सी भाषेच्या नियमांनुसार अशा विधानाचा निकाल ठरलेलाच नाही. कंपायलर बदलला की उत्तर बदलू शकतं. तुम्हाला हा प्रश्न आला तर नम्रपणे तसंच सांगा: "सर, सीमध्ये हे अनडिफाइन्ड बिहेव्हियर आहे. जावात मात्र क्रम ठरलेला आहे." छापील आकडा पाठ म्हणण्यापेक्षा हे उत्तर बरोबर आहे.

अडकलात तर

आकडा लहान करा. शंभर मजल्यांचं सुचत नसेल तर चार मजल्यांचं सोडवा. उलट्या बाजूनं या. कागदावर चित्र काढा. आणि अडकलोय ते सांगा: "इथपर्यंत आलोय, याच्या पुढं दोन वाटा दिसतात, कुठली घ्यावी ठरत नाही." जी गोष्ट वाचलेलीच नाही तिच्याबद्दल "हे मला माहीत नाही, पण नावावरून असं वाटतं" एवढं म्हणा. अंधारात दगड मारत राहिलात तर आधीच्या बरोबर उत्तरांवरचाही विश्वास उडतो.

इंग्रजीबद्दल सगळ्यांनाच काळजी असते. आपल्याकडं घरात कुणी मराठी, कुणी तेलुगू, कुणी कन्नड बोलतं, आणि विचार त्याच भाषेत येतो. तो तसाच येऊ द्या. बोलताना छोटी वाक्यं करा. "फर्स्ट आय सॉर्ट. देन आय कम्पेअर." पुरे आहे. रोज एक प्रश्न घेऊन मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि ऐका. पहिले तीन दिवस ऐकवत नाही, चौथ्या दिवसापासून कुठं अडखळता ते कळायला लागतं. सरावाला जोडीदार मिळाला तर उत्तम. एकानं विचारायचं, एकानं सोडवायचं, आणि विचारणाऱ्यानं पाच मिनिटं उत्तर सांगायचं नाही. कोड कागदावर लिहा, लॅपटॉप मिटून.

त्या दिवशी

ऑनलाइन असेल तर लॅपटॉप चार्ज करून ठेवा, मोबाइलमध्ये डेटा ठेवून हॉटस्पॉट आदल्या रात्री जोडून बघा. आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही. गेलीच तर घाबरून कॉल बंद करू नका, एका ओळीचा मेसेज करा आणि परत या. घरच्यांना वेळ सांगून ठेवा, कोरा कागद आणि पेन हाताशी ठेवा.

पुण्याला जायचं असेल आणि वेळ सकाळची असेल तर आदल्या दिवशीच पोचा. सकाळची हुतात्मा किंवा २०२३ पासून सुरू झालेली वंदे भारत पकडून दुपारची वेळ गाठता येते, पण स्टेशनपासून हिंजवडी किंवा खराडी गाठायलाच तास-दीड तास सहज जातो. आईनं डब्यात दिलेली कडक भाकरी आत जायच्या आधी खाऊन घ्या. राउंड कधी कधी चार वाजेपर्यंत लांबतात.

परत निघालात की गाडीत बसल्या बसल्या वही काढा. निकालाची वाट बघायची नाही. आलेला प्रत्येक प्रश्न आठवेल तसा लिहा, त्याखाली मी काय बोललो, कुठं थांबलो आणि समोरच्यानं कुठला इशारा दिला ते लिहा. दौंडच्या पुढं गेलं की आठवण पुसट व्हायला लागते. त्या नऊ पुड्यांवाल्या मुलीच्या वहीत अशी सहा पानं आहेत, सहा इंटरव्ह्यूंची. चौथ्या पानावर तिनं समासात लिहिलंय, "आज सगळं मोठ्यानं बोलले." सहाव्या पानाखाली जॉइनिंगची तारीख आहे.